रात्रीचे पाणी आणि हातातली बॅटरी



या पानावर मी आजपर्यंत बेणेप्रक्रिया, हुमणी, ठिबक आणि खोडव्यातील पाचट याविषयी लिहीत आलो. या अंकात ऊस बाजूला ठेवून हातातल्या बॅटरीविषयी लिहितो आहे. हे ऊस विकास विभागाचे काम नव्हे असे कोणाला वाटेल. परंतु ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावा लागला तो उसाच्याच फडातला आहे आणि त्यात माझाही थोडा वाटा आहे.

मागील हंगामात आमच्या गटातील एका साठीच्या सभासदाने, सगळे त्यांना तात्या म्हणतात, खोडव्यात पाचट ठेवले. त्याआधी तीन वर्षे ते पाचट पेटवत होते. मी बांधावर बसून त्यांना समजावले. पाचट कुजले की जमिनीचा कर्ब वाढतो, ओल टिकते, तण दबते, पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात. त्यांना पटले. थंडीच्या दिवसांत रात्रपाळीची वीज आली आणि तात्या दारे धरायला गेले. हातात दोन सेलची बॅटरी. सेल जुने झालेले, दोनदा उन्हात तापवून पुन्हा घातलेले. मोटरीपासून शेवटच्या सरीपर्यंत जाईतो उजेड काजव्याएवढा राहिला. पाचटावर घोणस पडली होती. ती पाचटाच्याच रंगाची. पाटाच्या पाण्याच्या आवाजात तिचा फुत्कारही त्यांना ऐकू आला नाही.

मुलाने वेळ न घालवता मोटारसायकलवर मध्ये बसवून कराडला नेले म्हणून तात्या वाचले. नऊ दिवस दवाखान्यात गेले. मी भेटायला गेलो तेव्हा पाय सुजून काळानिळा झाला होता. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायेब, पाचट ठिवा म्हनून तुमी सांगिटलं, आमी ठिवलं. पर त्या पाचटात काय बसलंय ते दिसाया उजेड नको का?"

मला उत्तर देता आले नाही. पाचटात ओल राहते, उंदीर राहतात, आणि उंदरामागे साप येतो. पाचट ठेवण्याचा सल्ला आजही बरोबरच आहे, पण तो मी अर्धाच दिला होता. उरलेला अर्धा या लेखात देत आहे.

रात्रीची वीज

आपल्या सातारा-सांगली भागाला विजेचे नवल नाही. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आपल्याच सह्याद्रीत आहे. तरीही शेतीपंपाची तीन फेज वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने येत आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्यांच्या फिडरला दिवसाची वीज मिळाली त्यांनी हा लेख पाहुण्यारावळ्यांसाठी जपून ठेवावा. ज्यांच्या वाट्याला रात्रपाळी आहे, किंवा ज्यांना उपसा योजनेच्या पाण्याची पाळी रात्री येते, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे.

"मोबाईलची बत्ती आहे की," असे तरुण सभासद म्हणतात. मोबाईलचा उजेड पसरतो, पण लांब जात नाही. ओल्या हातातून मोबाईल पाटात पडला तर उजेडही गेला आणि १०८ ला फोन करायचे साधनही गेले. रात्री फडात मोबाईल खिशात, चार्ज असलेला आणि कोरडा असावा. उजेडासाठी बॅटरी वेगळीच हवी.

बाजारात स्वस्तातल्या चार्जिंगच्या प्लॅस्टिक बॅटऱ्या मिळतात. त्यांपैकी बऱ्याच बॅटऱ्यांत चार व्होल्टची लहान शिशाची बॅटरी सीलबंद असते. ती रिकामी करून पावसाळाभर माळ्यावर ठेवली की मेली. मग उघडता येत नाही, बदलता येत नाही. मी स्वतः अशा दोन घेतल्या. एक एका हंगामात गेली, दुसरी दीड हंगाम चालली. त्यानंतर मला आजोबांची बॅटरी आठवली.

माळ्यावरची पितळी बॅटरी

आमचे गाव कराड-पाटण रस्त्याच्या बाजूचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबांनी हीच तीन सेलची बॅटरी घेऊन गोठ्यातली जनावरे बाहेर काढली, असे वडील सांगत. नंतर ती माळ्यावर गेली. खाली काढली तेव्हा आतला एक सेल गळून पांढरी-हिरवी पूड झाली होती, स्प्रिंग गंजली होती. नळी मात्र शाबूत होती.

अशी बॅटरी आपल्याकडे घरोघरी असते. तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. आजही वापरतो तो मोठा गोल सेल १८९८ च्या सुमारास अमेरिकेत निघाला. १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल या इंग्रज कारागिराला न्यूयॉर्कमध्ये नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या वेळचे सेल इतके कच्चे होते की उजेड क्षणभर पाडायचा आणि बंद करायचा. म्हणून इंग्रजीत तिला फ्लॅशलाईट, म्हणजे लुकलुकणारा दिवा, असे नाव पडले. आपल्या देशात एव्हरेडीच्या लखनौच्या कारखान्यातून १९५८ पासून विजेऱ्या निघू लागल्या आणि त्यांची पितळी 'जीवन साथी' खेडोपाडी गेली. एव्हरेडी सेल बनवणारी त्या वेळची कंपनी म्हणजे युनियन कार्बाइड. डिसेंबर १९८४ च्या भोपाळच्या वायुकांडानंतर १९९० च्या दशकात तो धंदा दुसऱ्या भारतीय उद्योगसमूहाकडे गेला. सेल मात्र दुकानात होता तसाच मिळत राहिला.

या जुन्या बॅटरीचा गुण असा की तिचा प्रत्येक भाग सुटा होतो. काच, परावर्तक म्हणजे आतला चकचकीत वाडगा, बल्ब, सेल, स्प्रिंग, बटण. बिघडेल तेवढेच बदलावे. काही बॅटऱ्यांच्या मागच्या झाकणात जादा बल्ब ठेवायला जागाही असते. म्हणून ती फेकू नका, दुरुस्त करा.

आधी हिशेब समजून घ्या

मी कृषी पदविकेचा माणूस. विजेतले मला जे कळते ते पाण्याच्या भाषेत. आपल्यालाही तीच भाषा सोपी जाईल.

व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब. अँपिअर म्हणजे पाटातून वाहणारा प्रवाह. सेलवर एमएएच असे लिहिलेले असते, तो विहिरीतला साठा. ३०० चा प्रवाह ओढणारा बल्ब असेल आणि साठा २,००० चा असेल तर २,००० भागिले ३००, म्हणजे साडेसहा तास उजेड. बस, एवढेच गणित.

साधा कार्बन सेल १.५ व्होल्टचा. दोन सेलच्या बॅटरीत बहुधा २.५ व्होल्टचा, तीन सेलच्या बॅटरीत ३.८ व्होल्टचा बल्ब असतो. हा आकडा बल्बच्या पितळी कडेवर बारीक अक्षरात कोरलेला असतो, शेजारी ०.३ असा अँपिअरचा आकडा असतो. दोन सेलचे तीन व्होल्ट होतात आणि बल्ब अडीचचा कसा, असे कोणी विचारेल. कारण बल्ब पेटला की कार्बन सेलचा दाब खाली बसतो. तो बसणार हे धरूनच बल्ब बनवलेला असतो.

तारेच्या बल्बचा स्वभाव लक्षात ठेवावा. दाब दहा टक्के वाढवला तर उजेड एक-तृतीयांशाहून जास्त वाढतो, पण बल्बचे आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येते. दाब फार वाढवला तर एकदाच लख्ख पेटून विझतो. आमच्या एका होतकरू सभासदाने जुन्या लॅपटॉपमधले दोन लिथियम सेल दोन सेलच्या बॅटरीत घातले. दोन मिळून आठ व्होल्टच्या वर दाब! अडीच व्होल्टचा बल्ब डोळ्यासमोर चमकला आणि काळा पडला. तो म्हणाला, "सायेब, उजेड लई भारी पडला बगा, पर एकदाच."

काहीही न बदलता वाढणारा उजेड

पैसे खर्च करण्यापूर्वी बॅटरी साफ करा. स्प्रिंग, मागचे झाकण, बटणाची पट्टी आणि बल्बचे बूड यांवर गंज असेल तर तिथे दाब खर्च होतो. गंजाने केवळ एक ओहमचा अडथळा झाला तरी ०.३ अँपिअरच्या बल्बला सुमारे ०.३ व्होल्ट कमी पोहोचतो, आणि अडीच व्होल्टच्या बल्बचा जवळजवळ तिसरा हिस्सा उजेड जातो. मेनचरीला गवत माजले की शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही, तसेच हे.

साधा कार्बन सेल गळला असेल तर खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन पुसावे. अल्कलाईन सेल गळला असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावावे. मग कोरडे करून बारीक पॉलिश पेपर फिरवावा. परावर्तकाला मात्र पॉलिश पेपर, राख, रांगोळी काहीही लावू नका. त्याचा मुलामा एकदा निघाला की परत येत नाही. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपावी, एवढेच.

पहिला मार्ग: बल्ब तोच, सेल चार्जिंगचे

ज्यांना कटकट नको त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग. निकेल-मेटल-हायड्राइड जातीचे सेल घ्यावेत. प्रत्येकी १.२ व्होल्ट, दोन मिळून २.४. जुन्या २.५ च्या बल्बला हे चालतात. नव्या कार्बन सेलच्या पहिल्या तासापेक्षा उजेड थोडा कमी वाटेल, पण तो शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो आणि बल्बही जास्त दिवस टिकतो. सेल शेकडो वेळा चार्ज होतो.

मोठ्या आकाराचे सेल न मिळाल्यास घड्याळात घालतो ते लहान पेन्सिल सेल चार्जिंगचे घ्यावेत आणि प्लॅस्टिकच्या नळकांड्यात बसवून मोठ्या सेलच्या जागी घालावेत. अशी नळकांडी तयार मिळतात. २,००० एमएएचचा असा सेल वर सांगितल्याप्रमाणे साडेसहा तास चालतो, म्हणजे एक रात्रपाळी निघते. मोठ्या सेलच्या नावाखाली आत लहान सेल घातलेला माल बाजारात असतो. हातात घेऊन वजन पाहावे. मोठा सेल हलका लागला तर तो आतून लहानच आहे.

साधे चार्जिंग सेल न वापरताही महिन्याला वीस-तीस टक्के रिकामे होतात. वर्षभर साठा धरून ठेवणारे सुधारित सेल २००५ पासून बाजारात आले आहेत. पाकिटावर तसे लिहिलेले असते, ते पाहून घ्यावेत. आणि हात जोडून सांगतो, साधा कार्बन सेल चार्जरला लावू नका. तो गळतो, प्रसंगी फुटतो.

दुसरा मार्ग: तीन सेलच्या बॅटरीत एक लिथियम

आजोबांच्या बॅटरीला मी हा मार्ग धरला. लॅपटॉपमध्ये असतो तो १८६५० नावाचा लिथियम सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट, सर्वसाधारण ३.७. तीन सेलचा ३.८ चा बल्ब आणि हा एक सेल यांचे गोत्र बरोबर जुळते. साठा २,५०० चा असेल तर ०.३ च्या बल्बवर आठ तास उजेड.

तीन मोठ्या सेलांची लांबी सुमारे १८३ मिलिमीटर. त्यातून ६५ वजा जाता ११८ उरले. सुताराकडून तेवढ्या लांबीचा, मोठ्या सेलच्या जाडीचा लाकडी गुटका करून घेतला आणि त्याच्या मधोमध आरपार पितळी सळई बसवली, दोन्ही टोकांना सपाट डोके ठेवून. सेलभोवती पीव्हीसी पाइपचा तुकडा घातला, म्हणजे तो नळीत हलत नाही. गुटका मागे, सेल पुढे, सेलचे टोक बल्बकडे. काम एका दुपारचे.

यात तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागते.

एक, सेल संरक्षक सर्किट असलेलाच घ्यावा. उघडा लिथियम सेल पार रिकामा झाला की खराब होतो आणि शॉर्ट झाला तर आग पकडतो. सेल उलटा घातला गेला आणि त्याचे वेष्टन फाटलेले असेल तर पितळी नळीतूनच थेट शॉर्ट होतो. म्हणून नळीच्या आत तोंडाजवळ रंगाची खूण करून ठेवा.

दोन, आकड्यांना भुलू नका. चांगल्या कंपनीचा या आकाराचा सेल साधारण २,००० ते ३,५०० एमएएचचा असतो आणि वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. वेष्टनावर ९,९०० लिहिलेला आणि वजनाला हलका सेल म्हणजे काटा मारलेला माल समजावा.

तीन, चार्जर त्याच जातीचा हवा. लिथियम-आयनला ४.२ व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. सौर दिव्यात दिसणारा जाड लिथियम-फॉस्फेट सेल ३.२ व्होल्टचा आणि आगीच्या दृष्टीने जास्त सुरक्षित, पण त्याचा चार्जर ३.६५ वर थांबणारा. निकेल सेलचा चार्जर तिसराच. तिघांची अदलाबदल करू नये. फॉस्फेट सेलवर ३.८ चा तारेचा बल्ब लावला तर उजेड निम्म्यावर येतो. त्याच्याशी पुढे सांगितलेला एलईडी बल्ब बरा जुळतो.

तिसरा मार्ग: बल्ब बदलणे

जुन्या तारेच्या बल्बचा उजेड दहा ल्युमेनच्या आतबाहेर. एक वॅटचा चांगला एलईडी शंभराच्या घरात जातो. जुन्या बल्बच्याच बुडाचे, जागच्या जागी बसणारे एलईडी बल्ब मिळतात. या पांढऱ्या उजेडाच्या मुळाशी जो निळा एलईडी आहे, त्यासाठी तीन जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

बुडाचा प्रकार पाहा. जुन्या बॅटरीत आट्याचा बल्ब असतो किंवा कॉलरचा, बिनआट्याचा. जुना बल्ब दुकानात बरोबर न्यावा.

व्होल्टचा पल्ला पाहा. आपल्या सेलांचा एकूण दाब त्या पल्ल्यात बसला पाहिजे. दोन निकेल सेलांच्या २.४ व्होल्टवर बरेच एलईडी मिणमिणतात किंवा पेटतच नाहीत.

दिशा पाहा. तारेचा बल्ब सेल उलटे घातले तरी पेटतो. एलईडी पेटत नाही. नवा बल्ब पेटला नाही म्हणून दुकानदाराशी भांडण्यापूर्वी सेल फिरवून पाहा.

उष्णता पाहा. एलईडी मागच्या बाजूने तापतो. पितळी किंवा ॲल्युमिनियमची बॅटरी ती उष्णता थोडीफार ओढून घेते. प्लॅस्टिकच्या बॅटरीत मोठा एलईडी घातला तर तो भाजून जातो.

शेवटचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. तारेचा बल्ब चहूकडे उजेड टाकतो आणि परावर्तक तो गोळा करून लांब फेकतो. एलईडी फक्त पुढे उजेड टाकतो, परावर्तकाच्या वाट्याला फार थोडा येतो. म्हणून एलईडी घातल्यावर जवळ लख्ख दिसते, पण झोत लांब जात नाही. पायापुढचा साप पाहायला हे उत्तम. पण कराड, पाटण, शिराळा भागातील सभासदांना बिबट्याचाही विचार करावा लागतो. उसातच त्याची पिल्ले तोडणीच्या वेळी सापडतात, हे आपण दरसाल पाहतो. बिबट्याचे डोळे झोत पडला की चमकतात, पण त्यासाठी झोत त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो. माझा उपाय असा: आजोबांच्या बॅटरीत तारेचाच बल्ब ठेवला आहे, लांबच्या झोतासाठी. पायापुढे पाहायला कपाळाला लावायची लहान एलईडी बत्ती आहे. तोडणीचे मजूर वापरतात तसली. तिच्यामुळे फावड्यासाठी दोन्ही हात मोकळे राहतात.

हे विसरू नका

कार्बन सेल म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू थकतो. उजेड पिवळा होतो, मग तांबडा होतो, आपल्याला परतायला वेळ मिळतो. चार्जिंगचा सेल तसा इशारा देत नाही. निकेल सेल शेवटी झटकन बसतो, आणि संरक्षक सर्किट असलेला लिथियम सेल तर एका क्षणात बंद होतो. भर फडात काळाकुट्ट अंधार! म्हणून चार्जिंगची बॅटरी घेणाऱ्याने दुसरा लहान दिवा खिशात ठेवलाच पाहिजे. रात्रपाळीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी धार काढायच्या वेळी बॅटरी चार्जिंगला लावायची, अशी सवय घरात ठेवावी.

लिथियम सेल अंथरुणावर, वैरणीजवळ किंवा पाचटाजवळ चार्ज करू नये. फरशीवर किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवून, घरात कोणी जागे असताना चार्ज करावा. फुगलेला, चेपलेला, भिजलेला सेल वापरू नये. निकामी सेल बांधावर टाकू नये. पेटत्या सेलला वाळले पाचट मिळाले तर शेजारच्या दहा एकरांचा प्रश्न होतो. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधले कॅडमियम विषारी आहे, ते जमिनीत जाऊ देऊ नये. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराला विचारा, परत घ्यायला लावा. मुलांना सेल फोडून आतली काळी भुकटी खेळायला देऊ नका.

उजेड असूनही

चांगली बॅटरी हातात आली म्हणून साप नाहीसा होत नाही. गुडघ्यापर्यंत गमबूट घाला. काठी आपटत चाला. झोत दोन पावले पुढे जमिनीवर ठेवा. स्टार्टरच्या पेटीत हात घालण्यापूर्वी आत उजेड टाका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपले चार विषारी. मण्यार रात्रीच फिरते, आणि तिचा दंश इतका हलका की झोपेत मुंगी चावली वाटते. माळरानाच्या खडकाळ भागात फुरसे जास्त.

दंश झाल्यास जागा चिरू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. अंगठी, कडे, जोडवी काढावीत, कारण सूज येते. तो अवयव हलवू नये, धीर द्यावा आणि थेट दवाखान्यात न्यावे. आपल्याकडे दिले जाणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही दंश होतो. देवळात किंवा मांत्रिकाकडे न्यायचे असेल तर बरे झाल्यावर पाया पडायला न्यावे.

आणि माझ्या विभागाचे म्हणणे मी सोडत नाही. ठिबक केले तर रात्रभर सऱ्यांतून फिरावे लागत नाही. कॉक फिरवला की माणूस घरी. पाचट ठेवायचे ते एकसारखे पसरून सरीत दाबावे, बांधाकडेची आणि मोटरीच्या वाटेवरची दोन हात रुंद पट्टी मोकळी ठेवावी. पाचट ठेवा म्हणून सांगताना हे मी पूर्वी सांगायला हवे होते.

तात्या आता बरे आहेत, पण पायाला अजून बधिरपणा आहे. खोडवा तुटून गेला. या वेळी त्यांनी पाचट पेटवले असते तर मी एक शब्द बोललो नसतो. त्यांनी ठेवले. वाटेची पट्टी मोकळी केली आणि त्यांच्या घरातली जुनी तीन सेलची बॅटरी माझ्याकडे पाठवली. तिच्यात गुटका आणि सेल बसवून मी ती परत नेऊन दिली. त्यांनी अंगणातून पार समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर झोत टाकला, बंद केला, परत टाकला. म्हणाले, "आता कसं, दिसतंय."

ज्या सभासदांकडे अशा जुन्या बॅटऱ्या असतील त्यांनी बाजारच्या दिवशी गट कार्यालयात घेऊन याव्यात. गंज काढणे, बल्बचा आकडा वाचणे, कोणता सेल जुळेल हे सांगणे, एवढे आमचा कर्मचारी विनामूल्य करून देईल. सेल आणि बल्ब मात्र आपापले आणावेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी